पुनर्मुद्रित धर्मशास्त्र आणि गुलामाचे बायबल

१८७३ साली जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले. हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केला. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी त्या लोकांनी जो त्याग केला त्याबद्दल जोतीरावांनी आदर व्यक्त केला आणि आपल्या देशबांधवांनीही त्यांच्यापासून धडा घेऊन शूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी अपेक्षा बाळगली. ही अर्पणपत्रिका आपल्या चळवळीतल्या बहुतेक कार्यकर्त्यांना माहीत आहे.

त्याच वर्षी त्याच अमेरिकेत ख्रिस्ती धर्मशास्त्राचे दोन मोठे ग्रंथ पुरे झाले. त्यांची दखल मात्र आपल्याकडे फारशी कुणी घेतलेली नाही. पहिला ग्रंथ म्हणजे प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातील प्राध्यापक चार्ल्स हॉज याचे तीन खंडांचे ‘सिस्टिमॅटिक थिऑलॉजी’ (१८७२-७३). दुसरा म्हणजे दक्षिण कॅरोलिनातील जेम्स हेन्ली थॉर्नवेल याच्या समग्र लेखनाचा चौथा व शेवटचा खंड. थॉर्नवेल १८६२ साली वारला होता; त्याच्या अनुयायांनी मागाहून त्याचे लेखन गोळा केले. हॉजने १८३६ सालीच लिहून ठेवले होते की, गुलाम बाळगणे हे मुळात पाप नव्हे. थॉर्नवेलच्या चौथ्या खंडात तर गुलामीची उघड तरफदारी करणारी प्रवचने व निवेदने आहेत. गुलामी कायद्याने बंद होऊन तोवर आठ वर्षे उलटली होती.

आज दीडशे वर्षांनंतर हे दोन्ही ग्रंथ विकत मिळतात. ते पुन्हा कुणी छापले, का छापले आणि वाचणाऱ्यांनी त्यांतले काय वाचले, हा या लेखाचा विषय आहे. विषय अमेरिकेतला असला, तरी त्यातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

१

एकोणिसाव्या शतकातले ग्रंथ पुन्हा छापणे हा विसाव्या शतकात एक स्वतंत्र व्यवसायच झाला. लेखक मेलेला, त्यामुळे मानधन द्यायचे नाही. ग्रंथावर कुणाचा हक्क उरलेला नाही. जुन्या पानांचे छायाचित्र घेऊन ऑफसेटवर छापले की खिळे जुळवण्याचा खर्चही वाचतो. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. तेथे डच वंशाच्या कॅल्व्हिनपंथीयांची मोठी वस्ती आहे. ही मंडळी धर्मग्रंथ मन लावून वाचणारी. अर्डमन्स ही तिथलीच प्रकाशनसंस्था. हॉजचे तीन खंड तिने पुन्हा पुन्हा छापले. बेकर हे १९३९ साली जुन्या पुस्तकांचे दुकान म्हणून सुरू झाले आणि पुढे जुनी बायबलभाष्ये छापणारे मोठे प्रकाशन बनले. इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘बॅनर ऑफ ट्रूथ ट्रस्ट’ स्थापन झाला. जुन्या प्युरिटन व प्रेस्बिटेरियन पंडितांचे ग्रंथ स्वस्तात पुन्हा उपलब्ध करून देणे हे त्याचे ध्येय. या ट्रस्टने थॉर्नवेलचे चारही खंड १९७४ साली काढले. व्हर्जिनियाच्या रॉबर्ट लुईस डॅबनीचे लेखसंग्रह त्याने १९६७ साली छापले आणि त्याचे धर्मशास्त्र १९८५ साली छापले. इंग्रजीतून धर्मशिक्षण देणाऱ्या विद्यालयांच्या ग्रंथालयांत हे ग्रंथ जगभर पोहोचले.

ही सारी माणसे लबाड होती असे म्हणण्याचे कारण नाही. आधुनिक धर्मविचार पातळ झाला, जुन्या पंडितांची विद्वत्ता व श्रद्धा पुन्हा लोकांपुढे यावी, अशी त्यांची प्रामाणिक तळमळ होती. हॉज, थॉर्नवेल, डॅबनी हे विद्वान होते यातही शंका नाही. परंतु विद्वत्ता कोणत्या कामी लागली, हे विचारण्याचा हक्क ज्यांच्या विरुद्ध ती वापरली गेली त्यांना आहेच.

२

ती कशी वापरली गेली हे थोडक्यात पाहू.

हॉजचा युक्तिवाद असा. येशू आणि त्याचे प्रेषित रोमन साम्राज्यात वावरले. भोवती गुलामी होती. त्यांनी मूर्तिपूजेचा निषेध केला, व्यभिचाराचा निषेध केला; गुलामीचा केला नाही. उलट धन्यांनी कसे वागावे व दासांनी कसे वागावे हे सांगितले. तेव्हा गुलाम बाळगणे हेच पाप आहे असे म्हणणारे लोक बायबलपेक्षा स्वतःला शहाणे समजतात. हॉज पुढे असेही म्हणतो की, गुलामांना वाचायला बंदी करणारे, नवराबायकोंची ताटातूट करणारे कायदे वाईट आहेत. पण तो दोष त्या कायद्यांचा, गुलामी या संस्थेचा नव्हे.

हा युक्तिवाद वाचताना आपल्याला काही आठवत नाही काय? वर्णव्यवस्था मुळात चांगली होती, गुणकर्मावर आधारलेली होती, अस्पृश्यता ही नंतर आलेली विकृती आहे, हे आपण किती व्यासपीठांवरून ऐकले! संस्था निर्दोष आणि विकृती सदोष, अशी वाटणी करणारा पंडित प्रिन्स्टनमध्येही होता. हॉजच्या स्वतःच्या घरी गुलाम स्त्रिया कामाला होत्या, हेही लक्षात ठेवले पाहिजे. तो उत्तरेकडचा, यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने उभा राहिला, आणि गुलामी हळूहळू नाहीशी व्हावी असेही त्याला वाटे. तरी दक्षिणेतल्या मळेवाल्यांच्या कामी त्याचा निबंध पुरेपूर आला. १८६० साली ‘कॉटन इज किंग’ या नावाने गुलामीसमर्थक लेखांचा जो जाडजूड संग्रह निघाला त्यात हॉजचा निबंध समाविष्ट केलेला आहे.

थॉर्नवेल यापुढे गेला. २६ मे १८५० रोजी चार्ल्स्टन शहरात काळ्यांसाठी बांधलेल्या प्रार्थनामंदिराच्या समर्पणप्रसंगी त्याने धन्यांचे हक्क व कर्तव्ये या विषयावर प्रवचन दिले. त्याचे म्हणणे असे की धन्याची मालकी गुलाम माणसावर नसते, त्याच्या श्रमावर असते. गुलामालाही आत्मा आहे, म्हणून त्याला उपदेश केला पाहिजे. आणि हा झगडा केवळ गुलामीसमर्थक व गुलामीविरोधक यांच्यातला नाही. एका बाजूला नास्तिक, समाजवादी, साम्यवादी, जॅकोबिन, आणि दुसऱ्या बाजूला सुव्यवस्थेचे पाठीराखे, असा तो आहे. आत्मा मान्य करायचा आणि देह व श्रम धन्याच्या हवाली करायचे, ही त्यातली युक्ती होय.

डॅबनी तर पराभवानंतरही नमला नाही. गुलामी संपून दोन वर्षे झाल्यावर, १८६७ साली, त्याने व्हर्जिनियाच्या व गुलामीच्या समर्थनाचा ‘डिफेन्स ऑफ व्हर्जिनिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याने आपल्या धर्मसभेत काळ्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास विरोध केला. १८७६ साली काळ्यांच्या मुलांना सार्वजनिक पैशाने शाळा नको, असे त्याने लिहिले. शाळा आणि व्यासपीठ या दोन जागा नाकारल्या की बाकी सारे आपोआप नाकारले जाते, हे आपल्याकडच्या शास्त्रीमंडळींनाही फार पूर्वीपासून ठाऊक होते.

३

मग बायबल गुलामीच्याच बाजूचे ठरते काय? त्या काळीही सर्वांना तसे वाटले नाही. फिलाडेल्फियाचा पाद्री आल्बर्ट बार्न्स याच्या बायबलवरील टीपा एकोणिसाव्या शतकात घरोघर गेल्या. त्यांच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. याच बार्न्सने १८४६ साली गुलामीविषयी बायबल काय म्हणते याचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माणूस चोरून विकणाऱ्याला मोशेच्या नियमशास्त्रात मृत्युदंड सांगितला आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात पळून आलेल्या दासाला धन्याच्या स्वाधीन करू नये अशी आज्ञा आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने १८५० साली नेमका याच्या उलट कायदा केला! चर्चने आधार दिला नाही तर बाहेरची कोणतीही शक्ती गुलामीला तासभरही टिकवू शकणार नाही, हे बार्न्सचे मत फ्रेडरिक डग्लसने १८५२ सालच्या आपल्या गाजलेल्या भाषणात उद्धृत केले.

आता पुनर्मुद्रणाची गंमत पाहा. ग्रँड रॅपिड्सच्या बेकरने बार्न्सच्या टीपांची मालिका पुन्हा छापली व ती पाद्र्यांच्या कपाटात कायम झाली. गुलामीविरोधी ग्रंथ मात्र या मालिकेबरोबर आला नाही. तो १९६९ साली ‘निग्रो युनिव्हर्सिटीज प्रेस’ने काढला. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी जुनी पुस्तके छापणारे ते प्रकाशन. म्हणजे बार्न्सचे दोन तुकडे झाले. भक्तीचा बार्न्स एका कपाटात आणि न्यायाचा बार्न्स दुसऱ्या कपाटात.

थॉर्नवेलचेही तसेच झाले. ट्रस्टने त्याचा चौथा खंड लपवला नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु पहिले खंड धर्मशास्त्राचे म्हणून अभ्यासायचे आणि चौथ्यातले गुलामीचे समर्थन ‘त्या काळाची मर्यादा’ म्हणून ओलांडून जायचे, अशी वाचण्याची रीत पडली. ही मर्यादा काळाची म्हणावी, तर बार्न्स आणि डग्लस कोणत्या काळात होते?

डॅबनीच्या ‘डिफेन्स ऑफ व्हर्जिनिया’चा प्रवास तर याहून बोलका आहे. हा ग्रंथ १९६९ साली त्याच निग्रो युनिव्हर्सिटीज प्रेसने पुन्हा छापला आणि १९९१ साली व्हर्जिनियातील स्प्रिंकल पब्लिकेशन्सनेही छापला. दुसरी संस्था दक्षिणेच्या जुन्या धर्मपरंपरेविषयी आदर बाळगणारी. पाने तीच, शब्द तेच. एकाने आरोपपत्राचा पुरावा म्हणून छापला, दुसऱ्याने वारसा म्हणून. पुनर्मुद्रण निरुपद्रवी आहे असे मानणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

४

या सगळ्या वादात ज्यांच्याविषयी वाद चालला होता ते कुठे होते?

१८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापण्यात आले. मूळ बायबलात १,१८९ अध्याय. या पुस्तकात २३२ होते. इजिप्तमधून दासांना बाहेर काढणारा मोशे त्यातून गाळला होता. योसेफ मात्र ठेवला होता, कारण तो विकला जाऊनही धन्याची इमानाने चाकरी करतो. म्हणजे छपाई करतानाच गुलामासाठी वेगळा ईश्वर तयार करण्यात आला.

तरीही गुलामाला काय गाळले आहे ते कळत होते. चार्ल्स कोलकॉक जोन्स हा जॉर्जियातला मळेवाला पाद्री गुलामांना धर्मोपदेश करीत असे. १८३३ साली त्याने फिलेमोनाला पौलाने लिहिलेल्या पत्रावर प्रवचन केले. या पत्रात पौल अनेसिम नावाच्या दासाला त्याच्या धन्याकडे परत पाठवतो. पळून जाणे वाईट, असा अर्थ जोन्सने सांगताच अर्धे श्रोते उठून चालते झाले. उरलेल्यांतले काही म्हणाले, असे पत्र बायबलात नाहीच. हे सारे जोन्सनेच नोंदवून ठेवले आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी केलेली ही बायबलची समीक्षा होय. प्रिन्स्टनच्या कोणत्याही समीक्षेपेक्षा ती कमी नाही.

लिहिता येणाऱ्यांनी लिहिलेही. डेव्हिड वॉकरने १८२९ साली बॉस्टनमध्ये आपले ‘अपील’ छापले आणि ख्रिस्ती म्हणवणाऱ्या गोऱ्यांना त्यांच्याच धर्मग्रंथाच्या कसोटीवर उभे केले. डग्लसने १८४५ च्या आत्मचरित्राला पुरवणी जोडून ख्रिस्ताचा धर्म आणि या देशातला धर्म यांतले अंतर स्पष्ट केले. मेरीलंडमधून पळालेला जेम्स पेनिंग्टन १८३४ पासून येल येथे धर्मशास्त्राच्या व्याख्यानांना बसत असे. बसण्याची परवानगी होती. बोलण्याची नव्हती आणि ग्रंथालयातून पुस्तक घेण्याचीही नव्हती. त्याने १८४१ साली कृष्णवर्णीयांचा इतिहास लिहिला आणि काळे लोक नोहाच्या शापाने गुलाम झाले हा समज खोडून काढला. उत्पत्तीच्या पुस्तकात शाप कनानला आहे आणि आफ्रिकेचे लोक कनानचे वंशज नाहीत, हा त्याचा साधा मुद्दा. वर्गाबाहेर उभे राहून ऐकणाऱ्या आपल्या पहिल्या पिढ्यांना पेनिंग्टन वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. येलने त्याला मानाची पदवी दिली ती २०२३ साली.

हे ग्रंथ पुन्हा केव्हा छापले गेले? डग्लसचे १८४५ चे आत्मचरित्र हार्वर्ड विद्यापीठाने १९६० साली काढले. वॉकरचे ‘अपील’ १९६५ साली नव्याने संपादित होऊन आले. काळ्या स्त्री-उपदेशिका जरीना ली व ज्यूलिया फूट यांची आत्मकथने १९८६ साली एकत्र छापली गेली. या सालांकडे पाहिले की एक गोष्ट उघड होते. आधी माणसे रस्त्यावर आली, आणि मग ग्रंथ छापखान्यात गेले. हॉजला पुन्हा छापण्यासाठी कुणाला मोर्चा काढावा लागला नाही.

५

जोतीरावांच्या अमेरिकेशी असलेल्या संबंधाला आणखी एक बाजू आहे. अहमदनगरला १८३१ साली मिशन सुरू करणारे अमेरिकन बोर्ड आपल्याकडे शाळांमुळे ओळखले जाते. नगरची फॅरारबाईंची मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती आणि त्यांच्यावर तिचा परिणाम झाला होता. याच बोर्डापुढे १८४५ साली ब्रुकलिनच्या सभेत प्रश्न आला की, चेरोकी व चोक्टॉ लोकांतल्या मिशन-चर्चमध्ये गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद ठेवावे काय? बोर्डाने त्यांना बाहेर काढण्याचे नाकारले. असंतुष्टांनी १८४६ साली वेगळी मिशनरी संस्था काढली. तेव्हा जोतीरावांनी ज्या भल्या लोकांना ग्रंथ अर्पण केला, ते संपूर्ण अमेरिकन समाज नव्हेत आणि संपूर्ण ख्रिस्ती समाजही नव्हेत. धर्मबांधवांशी भांडलेली ती अल्पसंख्य माणसे होत. अर्पणपत्रिका त्यांची आहे.

धर्मग्रंथाशी शोषितांनी कसे वागावे, याची दोन उत्तरे विसाव्या शतकाने दिली. पहिले उत्तर हॉवर्ड थर्मनचे. त्याची आजी गुलामीत वाढलेली. तिला वाचता येत नसे, म्हणून तो तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे ती बहुधा वाचू देत नसे, कारण दासांनी आज्ञा पाळावी हेच वचन धन्याचा पाद्री पुन्हा पुन्हा सांगे. थर्मन १९३५ साली सिलोनमध्ये आला तेव्हा कोलंबोत एका वकिलाने त्याला विचारले, ज्या धर्माच्या लोकांनी तुम्हांला गुलाम केले त्यात तुम्ही राहता कसे? त्याचे उत्तर त्याने १९४९ च्या आपल्या पुस्तकात दिले. येशू हा स्वतः रोमन सत्तेखाली पिचलेला गरीब ज्यू होता. तो धन्यांचा नाही, आमचा आहे.

दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. थर्मन सिलोनात आला त्याच महिन्यात, ऑक्टोबर १९३५ मध्ये, येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी सांगितले की, शास्त्रांचा अर्थ वेगळा आहे असे शब्दच्छल करून भागणार नाही, लोक शास्त्र ज्या अर्थाने समजतात तोच अर्थ समाजात चालतो, म्हणून शास्त्राचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे. बार्न्सची सारी विद्वत्ता मूळ शब्दांच्या अर्थावर खर्च झाली, तरी गुलामी संपली ती युद्धाने व कायद्याने, हे ध्यानात घेतले म्हणजे बाबासाहेबांच्या उत्तराचे वजन कळते.

ही दोन्ही उत्तरे एका बाबतीत एक आहेत. ग्रंथ झाकून ठेवा असे दोघेही म्हणत नाहीत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली ती तीत काय आहे हे सांगून, भर सभेत. जाळणारे ती वाचलेले होते.

म्हणून हॉज, थॉर्नवेल, डॅबनी यांच्या पुनर्मुद्रणावर बंदी घाला, अशी मागणी आपण करू नये. मागणी करायची ती संपूर्ण छापण्याची व संपूर्ण वाचण्याची. अलीकडे तिथल्या संस्थांनी या दिशेने पावले टाकली आहेत. २०१८ साली सदर्न बॅप्टिस्ट धर्मविद्यालयाने आपल्या चारही संस्थापकांनी मिळून पन्नासाहून अधिक गुलाम बाळगले होते, असे स्वतःच्या अहवालात मान्य केले. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयाने २०१९ साली भरपाईदाखल २ कोटी ७६ लाख डॉलरची योजना जाहीर केली. पण पुस्तकाच्या प्रस्तावनेत हा इतिहास आला नाही, तर अहवाल एका फडताळात आणि धर्मशास्त्र दुसऱ्या फडताळात, असेच चालू राहील.

ही मागणी करण्याचा अधिकार आपल्याला आहे, कारण आपण ती आपल्या घरी केलेली आहे. जोतीराव १८९० साली वारले. त्यांचे समग्र वाङ्मय शासनाने छापले ते १९६९ साली. बाबासाहेबांचे ‘रिडल्स इन हिंदुइझम’ १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा राम-कृष्णांविषयीचे परिशिष्ट गाळावे म्हणून गदारोळ झाला. त्या वेळी आपली माणसे एका परिशिष्टासाठी हजारोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली. त्यांत कितीतरी जण असे होते की ज्यांना ते इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते. जॉर्जियात प्रवचन सोडून उठून गेलेल्या गुलामांना हे कळले असते. त्यांनाही पुस्तक वाचता येत नव्हते, पण त्यातून काय काढले आणि काय घातले हे नेमके ठाऊक होते.